कालगुर्लीकडे सोनं शोधायचा डिटेक्टर सारखा किरकिरत होता, असा थांबला

पल्स इंडक्शन डिटेक्टर (चुंबकीय झटके सोडून जमिनीतला धातू हुडकणारा), पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या उत्तरेची लाल आयर्नस्टोनची (लोहयुक्त दगडाची) जमीन, हेडफोनमधला बारीक गुंऽऽ आवाज सतत वरखाली, मध्येच चिरकायचा आणि खणलं की काहीच नाही. हेडफोन बदलले, फॅक्टरी रिसेट मारला, सेन्सिटिव्हिटी पार खाली आणली (मग बारीक सोनं कसलं लागतंय). डोकं उठलं नुसतं.

आधी कॉईल (डिटेक्टरची खालची तबकडी) हवेत स्थिर धरून बघा, तरी आवाज हलतोय तर बाहेरचा इलेक्ट्रिकल त्रास, फक्त फिरवताना हलतोय तर जमीन. माझ्याकडे दोन्ही होतं. कॅम्पवरचा फ्रिजचा इन्व्हर्टर आणि सोलर रेग्युलेटर बंद केला, फोन एअरप्लेन मोडवर. मग कॉईलखालचं प्लास्टिकचं कव्हर काढलं, आत चहाच्या भुकटीसारखी लाल माती साचलेली, ती पुसली. नंतर कॉईल हलू न देता नॉइज कॅन्सल (बाहेरचा इलेक्ट्रिकल त्रास टाळणारी सेटिंग), पूर्ण होईपर्यंत. मगच ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा आवाज दाबणारी सेटिंग), तेही जिथे सिग्नल नाही अशा जागी, आवाज सपाट होईपर्यंत कॉईल जमिनीजवळ वर-खाली करत राहायची. सेन्सिटिव्हिटी सगळ्यात शेवटी, हळूहळू वाढवा. जमीन बदलली, म्हणजे लाल मातीतून पांढऱ्या गारगोटीवर आलात, की ग्राउंड बॅलन्स परत करा.

आणि हो, मायनर्स राइट (तिथे सोनं शोधायचा सरकारी परवाना) काढलेलं असू द्या.