साताऱ्यात डोंगर पळायला शिकताना : फाल्गुनातला पहिला आठवडा

साताऱ्याला पळणारी माणसं नवीन नाहीत. पहाटे शाहू स्टेडियमवर पोलीस भरतीची पोरं-पोरी १६०० आणि ८०० मीटरच्या वेळा लावत असतात. पावसाळ्यात हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट माणसांनी भरून जातो. पण भरतीचं मैदान सपाट आणि घाट डांबरी. पायवाटेनं डोंगर चढून पळत खाली यायचं हे काम वेगळंच आहे. मी भरतीच्या सरावातूनच इकडे वळले आणि आता आमच्यात नव्यानं येणाऱ्यांचा पहिला आठवडा मी आखून देते. त्यात सगळ्यात जास्त जोर उतारावर असतो. चढावर दम लागला की माणूस आपोआप हळू होतो, तिथं कुणी सांगायला लागत नाही. उतारावर दमच लागत नाही, म्हणून वेग वाढत जातो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरायची वेळ येते.

त्याचं कारण स्नायूंच्या कामात आहे. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार तोलत असतो. अशा कामानं स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त जाणवतं. चांगली गोष्ट अशी, की थोडा उतार पळून शरीराला सावरायला वेळ दिला तर पुढच्या खेपेला तोच उतार बराच कमी दुखतो. सगळा आठवडा याच गोष्टीभोवती बांधायचा.

न थांबता ४० मिनिटं सावकाश पळता येत असेल तरच हा आठवडा घ्या. येत नसेल तर आधी मैदानावर तेवढं जमवा, डोंगर कुठं पळून जात नाही.

फेब्रुवारीचा शेवट आणि मार्च हा सुरुवातीला उत्तम काळ. वाटा कोरड्या, चिखल नाही, पळस-पांगारा फुललेला. पहाटे अंगात स्वेटर लागतो आणि दहा वाजता उन्हाचे चटके बसतात, म्हणून नऊच्या आत खाली यायचं. पण फार अंधारातही निघू नका. अजिंक्यतारा आणि यवतेश्वर दोन्हीकडे बिबट्याचा वावर आहे. नीट उजाडल्यावर, किमान दोघं-तिघं मिळून, घरी वाट सांगून जायचं. मुलींना तर मी हे दोनदा सांगते.

सोमवारी सपाटीवर अर्धा तास, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगात. बास.

मंगळवारी अजिंक्यतारा. शहरापासून गड सुमारे ३०० मीटर उंच आहे आणि दरवाजापर्यंत गाडीरस्ता जातो. पहिल्या दिवशी या रस्त्यानंच चढा. जिथं धाप लागून बोलणं तुटतं तिथं पळणं सोडून चालायला लागा. अंग कमरेतून मोडू नका, घोट्यापासून किंचित पुढं झुका, पावलं आखूड टाका. फारच खडं असेल तर हात गुडघ्याच्या वर मांडीवर दाबून चाला. चढ चालणं म्हणजे हार नव्हे. खड्या चढावर चांगले चांगले डोंगरपळेही चालतातच, कारण तिथं पळून वेळ फारसा वाचत नाही आणि दम मात्र संपतो. वर मंगळाई देवीच्या देवळापाशी पाणी प्या, दहा मिनिटं बसा. तिथून पश्चिमेला यवतेश्वर, नैऋत्येला सज्जनगड, पूर्वेकडे जरंडेश्वर दिसतो. आठवड्याचा सगळा अभ्यासक्रम एका नजरेत येतो.

आता उतरण. या दिवसांत वाटेवर घसारा असतो : सुटा मुरूम, त्यावर वाळकं गवत, मध्येच कातळ. मुरमावर टाच रोवून ब्रेक मारला की पाय पुढं सरकतो आणि आपण मागं आपटतो. म्हणून पाऊल शरीराच्या खालीच पडू द्या, पुढं लांब फेकू नका. पावलं आखूड आणि भराभर, गुडघा किंचित वाकलेला, हात दोन्ही बाजूंना मोकळे, तोलासाठी. नजर पायांवर नको, तीन-चार मीटर पुढं. डोळ्यांनी वाट आधी निवडली की पाय तिकडं पडतात. पायवाटेचा एखादा ५० मीटरचा तुकडा निवडा आणि तेवढाच चार-पाच वेळा करा : आधी चालत, मग दुडक्या चालीनं, मग पळत. बाकीचा गड पहिल्या दिवशी चालतच उतरायचा. पोरं इथं कुरकुर करतात. मी ऐकत नाही.

खाली आलात की मोजे बघा. वाळक्या गवताची कुसळं त्यात उलटी रुतून बसतात. ओढली तर मोडतात आणि टोक आत राहतं, मग दिवसभर घोट्याला टोचत राहतं. मोजा उलटा करून टोकाच्या बाजूनं बाहेर काढायची. घोट्याच्या वर येणारे, घट्ट विणीचे मोजे घेतले तर निम्मा त्रास वाचतो. बुटांचं म्हणाल तर तळाला खोल खाचा असलेले ट्रेल शूज या मुरमावर खरंच उपयोगी पडतात. पण पहिल्याच महिन्यात महागडा जोड घेण्याची गरज नाही. तळ न झिजलेला, बोटांपुढं अंगठ्याएवढी जागा असलेला साधा जोड चालतो. उतारावर पाय पुढं सरकतो, जागा नसेल तर अंगठ्याचं नख काळं पडतं.

बुधवारी विश्रांती किंवा अर्धा तास चालणं. दुखत असेल तर दुखू द्या, पण गुडघ्यात किंवा घोट्यात एकाच जागी टोचल्यासारखं दुखत असेल तर ते वेगळं दुखणं. तिथं थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

गुरुवारी यवतेश्वर घाट. दहा मिनिटं अंग गरम केल्यावर दोन मिनिटं जोरात वर, मग चालत खाली, असं पाच-सहा वेळा. शेवटची फेरी पहिलीइतकीच लांब गेली पाहिजे. आखूड पडली तर सुरुवात जास्त जोरात झाली होती. वळणावर गाड्या येतात, एका रांगेत आणि कानात काही न घालता पळा.

शुक्रवारी घरच्या पायरीवर ताकदीचं काम : एका पायावर उभं राहून दुसरा पाय तीन सेकंद लावून सावकाश खाली टेकवायचा, प्रत्येक पायाला दहा-बारा वेळा. टाचा उचलून पोटऱ्यांचा व्यायाम. दात घासताना एका पायावर उभं राहा, घोटा तयार होतो. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावल्या. त्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. दर वेळी उडी मारून खाली येताना पाय तो भार सोसायला तयार लागतो. आपल्याला उतारावर तेच हवं आहे.

शनिवारी सुट्टी. मारुतीचा वार म्हणून जरंडेश्वरच्या वाटेवर त्या दिवशी भाविकांची ये-जा असते, पळणाऱ्यानं त्यांची वाट अडवू नये.

रविवारी लांबचा पल्ला, जरंडेश्वर किंवा बोगद्यातून सज्जनगडाच्या बाजूला. इथं नुसते किलोमीटर मोजू नका. अंतरात दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर मिळवा. म्हणजे ८ किलोमीटर आणि ४०० मीटर चढ असेल तर अंगाला तो १२ चा पल्ला. पहिल्या रविवारी दीड ते दोन तास पुरेत, त्यातला निम्मा चालत गेला तरी चालेल. माणशी किमान लिटरभर पाणी हवं. घामानं शर्टावर पांढरे डाग उमटत असतील तर ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापात घोळून न्या. खायला खजूर, चिक्की, शेंगदाणा-गुळाचा लाडू, आणि भूक लागायच्या आधीच खा. आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता मागं फिरायचं. अंगाला उग्र वासाचं काही लावून जाऊ नका.

कासचा सडा, म्हणजे तिथलं कातळाचं पठार, सरावाला घेऊ नका. मार्चमध्ये तो उजाड दिसतो, पण पावसाळ्यात उगवणाऱ्या फुलांच्या बिया आणि कंद त्याच पातळ मातीत पडून असतात. पळायचं तर डांबरी रस्त्यावरून.

याच दिवसांत वणवे लागतात. धूर दिसला तर वाऱ्याच्या उलट्या बाजूनं, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडं, खाली उतरा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. कुणी पडलं, मुरगळलं तर १०८.

सोमवारी सकाळी जिना उतरून बघा. मांड्या ओरडत असतील तर दुसऱ्या आठवड्यात उतार तेवढाच ठेवा. जेमतेम जाणवत असतील तर मंगळवारचा ५० मीटरचा तुकडा १०० चा करा, आणि चढ मात्र तसाच राहू द्या. असे तीन आठवडे झाले की चौथ्यात सगळं निम्म्यावर आणायचं.