मराठा पलटणींची पदकं लिलावात घेताना: कड, कमाल बोली आणि हिशोब

पहिल्या महायुद्धातल्या मराठा पलटणींची पदकं लंडनच्या लिलावांत निघतात, ईबेवर निघतात आणि मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार इथेही अधूनमधून दिसतात. पूर्वी गावातल्या सराफाकडे चांदीच्या भावात मोडीत जाणारं पदक आता त्याच्या कडेवर दाबलेल्या शिपायाच्या नावावर विकलं जातं. घरबसल्या बोली लावता येते, कडेवरचं नाव शोधता येतं, त्यामुळे एकाच लॉटवर (लिलावात एकत्र विकल्या जाणाऱ्या नगावर) संग्राहक, व्यापारी आणि त्या शिपायाचे वंशज असे तिघेही उतरतात. शिवाय मूळ माल घटत चाललाय. पहिल्या महायुद्धातल्या सेवेसाठी दिलेलं ब्रिटिश वॉर मेडल स्टर्लिंग चांदीचं आणि साधारण एक औंसाचं असतं. 1980 च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा अशी कितीतरी पदकं भट्टीत गेली. तेव्हा भाव चढणारच. आपल्या हातात असतं ते चुकीच्या वस्तूवर चढी बोली न लावणं.

काय शोधायचं ते आधी ठरवा. 103, 105 आणि 110 या मराठा लाइट इन्फन्ट्री, तर 114, 116 आणि 117 या मराठा पलटणी. 1922 च्या फेररचनेत त्या 5 व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत एकत्र आल्या. कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असा क्रम असतो, आणि पलटणीचं नाव इंग्रजीत ‘महरट्टा’ असं वाचलं जाईल अशा जुन्या स्पेलिंगने येतं. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर निम्मा माल दिसणारच नाही. चुकीची स्पेलिंगंही टाकून पाहा; ईबेवर अशा नोंदींकडे कमी लोक पोहोचतात आणि भाव खाली राहतो. लिलावगृहांत ‘भारतीय सेना, सहा पदकं’ अशा एकत्र लॉटमध्ये मराठा पलटणीचं एखादं पदक दडलेलं असतं. प्रत्येक पदकाच्या कडेचे फोटो मागवा. चांगली लिलावगृहं ते विनातक्रार पाठवतात.

आता कड. पदकाची सगळी किंमत तिथेच आहे. ब्रिटिश वॉर मेडल आणि सहसा त्याच्या जोडीने येणारं व्हिक्टरी मेडल दोन्ही 36 मिलिमीटर व्यासाची. व्हर्नियर कॅलिपरने चार ठिकाणी मोजा. कुठे अर्धा मिलिमीटर कमी भरला तर जुनं नाव घासून नवं घातल्याचा संशय घ्या. दुसरी तपासणी: स्टीलची पट्टी कडेवर आडवी टेकवून उजेडाकडे धरा. मध्ये पोकळ फट दिसली तर तिथलं धातू कुणीतरी काढलंय. मूळ अक्षरं ठशाने दाबलेली असतात, म्हणून खोली सारखी असते आणि भिंगातून अक्षराच्या काठाला धातू किंचित उचललेला दिसतो. कोरलेल्या अक्षरात हत्याराची ओरखड लागते आणि टोकं निमुळती होतात. वॉर मेडलचा दांडा सरळ आणि घट्ट असतो, तो फिरत नाही. फिरत असेल तर दुरुस्ती झालीय असं समजा. 1914-15 च्या स्टारला (ताऱ्याच्या आकाराच्या पदकाला) नाव मागच्या सपाट बाजूला असतं. तिथला पत्रा मधोमध पातळ लागला तर तोच संशय. बाजारातल्या ओतीव नकला ओळखणं त्यामानाने सोपं आहे: पृष्ठभागावर बारीक भोकं, कडेवर सांध्याची रेघ आणि गुळगुळीत दिसणारा राजाचा चेहरा.

ब्राँझचं ब्रिटिश वॉर मेडल दिसलं तर ते कमी किमतीचं समजून सोडू नका. चांदीची सुमारे 65 लाख निघाली, ब्राँझची जेमतेम एक लाख दहा हजार, आणि ती मुख्यतः मजूर पथकांना मिळाली. म्हणून ब्राँझचं चांदीच्या मानाने कमी दिसतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना दिलेले स्टार कोरे असत, भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र नाव घातलेलं असे. म्हणून मराठा लाइट इन्फन्ट्रीचा म्हणून विकला जाणारा कोरा बर्मा स्टार किंवा इटली स्टार घेताना दुप्पट सावध राहा.

इराकमधल्या कूतचा मामला वेगळा. 103, 110 आणि 117 या तिन्ही पलटणी कूतच्या वेढ्यात होत्या आणि 29 एप्रिल 1916 ला तिथली ब्रिटिश-भारतीय फौज तुर्कांना शरण गेली. त्यामुळे विक्रेता या पलटणींच्या कुठल्याही पदकाला ‘कूत’ चिकटवतो आणि भाव वाढवतो. पण प्रत्येक शिपाई वेढ्यात नव्हता. कुणी डेपोत होता, कुणी आधीच जखमी होऊन परतला होता, कुणी नंतर भरती झाला. मृत सैनिक असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या मोफत नोंदीत नाव, नंबर आणि मृत्यूची तारीख पाहा. तारीख वेढ्यातली किंवा कैदेतली असेल तरच जादा पैसे द्यावेत. आडनाव एकट्याने शोधू नका. शिंदे, जाधव, पवार शेकड्यांनी सापडतील. नंबर आणि पलटण जुळली पाहिजे.

मग भाव ठरवायचा. लंडनच्या नूनन्ससारख्या लिलावगृहांचं विक्रीचं जुनं दफ्तर ऑनलाइन उघडं असतं. गेल्या दोन-तीन वर्षांतल्या त्याच पलटणीच्या, त्याच जोडीच्या (म्हणजे वॉर आणि व्हिक्टरी मेडल एकत्र), त्याच हुद्द्याच्या पाच-सहा विक्री काढा आणि मधला आकडा धरा. सगळ्यात वरचा आकडा धरणं ही नेहमीची चूक. भाव दोन नंबरच्या बोलीदाराने ठरवलेला असतो. दोन हट्टी माणसं एकाच दिवशी भिडली तर आकडा उंच जातो, आणि त्यातल्या एकाचं पदक घेऊन झालं की पुढचं तसंच पदक खाली येतं. दफ्तरातला आकडा हातोड्याचा, म्हणजे शेवटच्या बोलीचा असतो, त्यात लिलावगृहाचा प्रीमियम (खरेदीदाराकडून वर घेतलं जाणारं कमिशन) नसतो, हेही लक्षात ठेवा.

हिशोब असा. समजा सगळं मिळून 300 पौंडांच्या वर जायचं नाही. प्रीमियम 24 टक्के, त्यावर 20 टक्के व्हॅट, म्हणजे हातोड्याच्या किमतीवर 28.8 टक्के. पोस्ट आणि विमा 25 पौंड. उरले 275. त्याला 1.288 ने भागलं की सुमारे 213. बोलीच्या पायऱ्या 20 च्या असतील तर 200 वर थांबायचं, कारण 220 ला गेलात की बिल 308 वर जातं. भारतातली कस्टम ड्युटी यावर वेगळी. कुरिअर कंपनीला चालू दर विचारून ती रक्कम 300 मधून आधीच वजा करा. भारतात माल पाठवताना व्हॅट सूट मिळते का तेही विचारा. तिऱ्हाईत लाइव्ह बिडिंग साइटवरून बोली लावली तर सहसा आणखी काही टक्के जातात, म्हणून लिलावगृहाच्या स्वतःच्या साइटवर नोंदणी करावी, तीही दोन-तीन दिवस आधी.

बोलीच्या सवयींनी भाव सगळ्यात जास्त फुगतो. ईबेवर आठवडाभर आधीपासून पाच-पाच पौंडांनी चढवत गेलात तर तुम्ही फक्त इतरांना जागं करता. तिथे कमाल आकडा एकदाच, शेवटच्या सात-आठ सेकंदांत टाकावा. साइट गरजेपुरतीच बोली वाढवते. आकडा 80 ऐवजी 82.37 ठेवा, गोल आकड्यावर बरेच जण अडतात. लिलावगृहाच्या वेळबद्ध विक्रीत मात्र शेवटची बोली आली की मुदत वाढते, तिथे ही युक्ती चालत नाही. कमाल बोली लेखी देऊन कामाला लागलेलं बरं. थेट लिलाव पाहत बसणार असाल तर लंडनचे सकाळचे 10 म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन. कमाल आकडा कागदावर लिहून समोर ठेवा. ‘अजून एकच पायरी’ हा विचार सुरू झाला की समोरच्यालाही तोच सुचतोय हे समजा. ओळखीच्या संग्राहकाशी भिडणं टाळण्यासाठी दोघांनी आधी ठरवून बोली पाडू नये. लिलावात ते बेकायदा ठरू शकतं.

कायद्याची बाजू टाळता येत नाही. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. इथे घेतलेली महायुद्धाची जोडी लंडनला विकू पाहणारे यातच अडकतात. संगिनी, तलवारी मागवायच्या असतील तर शस्त्र कायद्याचा परवाना आधी.

पदक हाती आलं की ब्रासो लावू नका. जुना काळसरपणा गेला की किंमतही घसरते. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, धातूला हिरवट चिकटा धरतो. फीत जीर्ण असली तरी मूळ असेल तर काढू नका. बिल, लॉटचा नंबर आणि कडेचे फोटो एकत्र ठेवा. त्याच शिपायाचं हरवलेलं दुसरं पदक पुढे एखाद्या लिलावात निघालं, तर ते त्याचंच आहे हे कडेवरचा नंबर या फोटोशी जुळवूनच ठरतं.