लाँग रनला पेस कंट्रोल होत नाही? या चुका टाळा

पहिले ५ किमी हवेत, १२ व्या किमीला पायाचे दगड आणि घरी आल्यावर दुपारभर आडवा. माझी प्रत्येक लाँग रन अशीच व्हायची आणि मला वाटायचं आपला स्टॅमिनाच कमी आहे. स्टॅमिना ठीक होता, सुरुवातीलाच उधळायचो मी.

सगळा घोळ पहिल्या २ किमीतच होतो. पाय ताजे असतात, दम लागलेला नसतो, त्यामुळे "इझीच तर वाटतंय" म्हणत ७ चा पेस (किमीला ७ मिनिटं) ठरवलेला माणूस ६:१५ ने पळत असतो आणि त्याला पत्ताही नसतो. लाज वाटेल इतकं हळू सुरू करा, मागचे पुढे गेले तर जाऊ द्या. मॅरेथॉन पेसपेक्षा किमीला साधारण ४५ ते ९० सेकंद हळू चालतं, पण आकड्यापेक्षा श्वास बघा. मी मोठ्याने सतराचा पाढा म्हणतो (आजूबाजूला कोणी नसेल तर!). सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न एका दमात झालं तर बरोबर, चौतीसलाच धाप लागली तर ब्रेक मारा.

दुसरी चूक म्हणजे वॉचवर आंधळा विश्वास. २२० वजा वय हा मॅक्स हार्ट रेटचा (मिनिटाला जास्तीत जास्त ठोके) फक्त सरासरी अंदाज आहे, तुमचा खरा आकडा त्यापेक्षा १०-१२ ने सहज वर किंवा खाली असू शकतो, मग त्यावरून काढलेला झोन २ (आरामात पळायची हार्ट रेटची रेंज) पण चुकणारच ना. त्यात मनगटावरचा सेन्सर कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजायला लागतो. आरामात गप्पा मारत पळताय आणि वॉच १७० दाखवतंय तर कॅडन्स (मिनिटाला पडणारी पावलं) बघा, दोन्ही आकडे सारखेच असतील तर पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर घट्ट बांधा. पेससाठी स्क्रीनवर लॅप पेस (चालू लॅपचा, म्हणजे सहसा चालू किमीचा सरासरी पेस) लावा, क्षणाक्षणाचा पेस जीपीएसमुळे झाडाखाली, बिल्डिंगजवळ उगाच उड्या मारतो.

उन्हात तोच पेस ठेवला तरी दुसऱ्या हाफमध्ये हार्ट रेट चढतो, कारण घामाने शरीरातलं पाणी कमी होतं आणि त्वचा थंड ठेवायलाही रक्त लागतं. तिथे हट्ट करायचा नाही, पेस सोडायचा. चढावर पण तेच.

ग्रुपबद्दल काय बोलणार, मित्राचा इझी म्हणजे तुमचा टेम्पो (जोरात, दम लागेल असा पेस) असू शकतो एवढंच.

आणि हळू पळायचं म्हणून लांब लांब टांगा टाकत उड्या मारू नका, गुडघे बोलायला लागतात. पावलं छोटीच ठेवा.

एवढं करूनही दम लागतोय? मग ४ मिनिटं पळा, १ मिनिट चाला, सुरुवातीपासूनच, दमल्यावर नाही. फक्त चालताना वॉच पॉज करू नका, नाहीतर ॲव्हरेज पेस भारी दिसतो आणि पुढच्या रविवारी आपण परत त्याच्याच मागे धावत सुटतो.