न उघडणारी छत्री: पोडॅक्सिस ओळखताना या चुका टाळा

पावसात खंड पडून चार दिवस कडक ऊन आलं की टेकडीच्या मुरमाड, उघड्या बाजूला वारुळाजवळ कधी कधी एक मश्रूम दिसतं, पांढुरकं, वीतभर उंच, अंगावर खवले, आणि टोपी देठाला मिटलेल्या छत्रीसारखी चिकटलेली. पुण्यात आपण सगळ्याला सरसकट कुत्र्याची छत्री म्हणून मोकळे होतो, पण हिचं नाव पोडॅक्सिस पिस्टिलॅरिस. लिनियसनं 1771 मध्येच हिची नोंद केली होती, तरी आजही मश्रूमच्या ग्रुपवर हिचा फोटो टाकला की दहातले आठ जण 'शॅगी इंककॅप' (दिसायला हिच्यासारखंच दुसरं मश्रूम) म्हणतात. मीही दोन पावसाळे तेच म्हणत होतो, त्यामुळे हसणार नाही.

पहिली चूक म्हणजे उभ्यानं वरून एक फोटो काढायचा, मश्रूम ओळखायच्या ॲपमध्ये टाकायचा आणि पहिलं येईल ते नाव धरून बसायचं. अहो, ॲपला फक्त बाहेरचा आकार दिसतो आणि आकारात या दोघी जुळ्या बहिणी. खरा फरक आत आहे. मला तो कळला घरी, ओट्यावर, जुन्या ब्लेडनं मश्रूम उभं चिरलं तेव्हा. देठ टोपीत शिरून थेट शेंड्यापर्यंत गेलेला, आणि टोपीखाली पुस्तकाच्या पानांसारखे गिल्स असतात ना, ते नाहीतच, त्या जागी नुसता गर. कोवळ्यात हा गर फिकट असतो, मग तपकिरी आणि शेवटी काळपट पावडर, बोटाला लागली की काजळीसारखी बसते, साबणानंही पटकन जात नाही. इंककॅपमध्ये गिल्स असतात आणि म्हातारपणी ते कडेपासून विरघळून काळी शाई गळते. ही मात्र गळत नाही, उभ्या उभ्या वाळते. म्हणजे गळतंय की वाळतंय हे बघायला दुसऱ्या दिवशी परत त्याच जागी जा, सोपं आहे.

दुसरी चूक, उपटणं. देठ धरून ओढला की बुंधा मातीतच राहतो आणि नेमकी तिथली माहिती जाते. चाकूनं बाजूची माती सैल करून अख्खं काढा (परवानगी असेल तिथेच, आणि एकदोनच). बुंध्याला पिशवीसारखं आवरण आहे का बघा, असेल तर ते पोडॅक्सिस नाही, ॲमानिटा या मश्रूमच्या गटाची शंका घ्या, त्यात जीवघेण्या जाती आहेत. वारूळ किती लांब आहे, माती कसली आहे हेही तिथेच लिहा, घरी येईपर्यंत विसरायला होतं.

प्लास्टिकच्या पिशवीत तर आणूच नका, कोथरूडपर्यंत येईस्तोवर घाम फुटून लगदा होतो. कागदी पिशवी घ्या नाहीतर वर्तमानपत्राची पुडी करा.

'स्पोअर प्रिंट येत नाही' अशी तक्रार हमखास येते (स्पोअर म्हणजे बुरशीचे बीजाणू, आणि प्रिंट म्हणजे टोपीतून कागदावर पडणारा त्यांचा ठसा). मी पण पांढऱ्या कागदावर टोपी ठेवून वर स्टीलची वाटी पालथी घातली आणि रात्रभर थांबलो, सकाळी कागद कोराच. येणार कसा, टोपी उघडतच नाही आणि गिल्सही नाहीत! पिकलेल्या टोपीतली चिमूटभर पावडर घ्या, काचपट्टीवर पाण्याचा थेंब टाकून त्यात मिसळा. गुठळ्या झाल्या तर भांड्याच्या साबणाचा अगदी कणभर फेस घाला. सूक्ष्मदर्शकाखाली 400 पट मोठं केलं की जाड भिंतीचे, गुळगुळीत, साधारण 10 ते 14 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोलसर स्पोअर दिसतात. मधे धाग्यांचे तुकडे दिसले तर घाण समजून पुसू नका, तेही ओळखीचंच लक्षण आहे.

वर्णन लिहिताना 'ब्राऊन कलर, मीडियम साइज' असं लिहिलं तर त्याचा कोणालाच उपयोग नाही. उंची सेंटीमीटरमध्ये टाका, ताजं असताना आणि वाळल्यावर असे दोन्ही रंग टाका.

आणि उत्साहात 'नवीन जात सापडली' जाहीर करू नका. या एका नावाखाली बऱ्याच वेगळ्या जाती दडल्यात हे डीएनएवरून दिसलंय, त्यामुळे शंका रास्त आहे, पण नुसत्या फोटोवर जात ठरत नाही. बुरशीच्या नव्या नावाला 2013 पासून नोंदणी क्रमांक लागतो आणि जपून ठेवलेला नमुना तर हवाच. म्हणून नमुना 40 अंशांच्या आसपास वाळवा, गॅसजवळ नको, भाजला की डीएनए गेला. आपल्या पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशीचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे, तिथे विचारायला जाताना तारीख, जागा आणि ताज्या मश्रूमचे आतले-बाहेरचे फोटो सोबत असू द्या.

खाण्याबद्दल विचारणारे असतातच. काही भागांत कोवळी खातात, पण तुम्ही ती आत्ताच ओळखायला शिकताय, तेव्हा कढईपासून लांब ठेवा.