घरच्यांसोबत मधमाश्या पाळायच्या? सुरुवात अशी करा

मधमाश्या पाळायच्या म्हटलं की लोक आधी मधाचा हिशेब मांडतात. पहिल्या वर्षी तो विसरा. पेटीतला मध ही माश्यांची टंचाईच्या दिवसांची शिदोरी असते आणि नव्या वसाहतीला ती जेमतेम पुरते. पहिलं वर्ष नुसतं बघण्याचं. खरं तर मजा त्यातच आहे.

पेटी आणण्याआधी

घरात कुणाला दंशाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. दंशानंतर श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या किंवा चक्कर आली, तर वाट न बघता दवाखाना गाठा. शेजाऱ्यांना सांगा, स्थानिक नियम बघा.

पेटीला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली हवी. तिचं दार येण्या-जाण्याच्या वाटेकडे नको. जवळ उथळ भांड्यात पाणी ठेवा आणि त्यात खडे टाका, नाहीतर माश्या बुडतात. पाणी आटू दिलंत, तर त्या शेजाऱ्यांच्या नळावर जातील.

झाडावरचं पोळं उतरवण्याच्या फंदात पडू नका. माश्या पाळणाऱ्या अनुभवी माणसाकडून राणी, अंडी आणि पिल्लं असलेली वसाहत घ्या.

पेटी उघडताना

उबदार, वारा नसलेला दिवस निवडा. फिकट कपडे घाला. तोंडावर जाळीचा बुरखा सगळ्यांना, मुलांनाही. केळं खाऊन जाऊ नका. चिडलेली माशी जो धोक्याचा वास सोडते, तो केळ्यासारखाच असतो! धुराड्याचे, म्हणजे धूर सोडणाऱ्या हातातल्या डब्याचे, दोन-तीन हलके झोत त्या वासाला झाकतात.

एकाने धूर सांभाळायचा, एकाने चौकट (पेटीत उभी टांगलेली, पोळं धरणारी लाकडी फ्रेम) उचलायची, एकाने वही. चौकट सरळ वर काढा, पेटीवरच धरा आणि ऊन तुमच्या पाठीमागून येऊ द्या. आता षटकोनी घरांच्या तळाशी बघा: तांदळाच्या बारीक कणीसारखं पांढरं अंडं दिसेल. ताजं अंडं उभं असतं, मग कलतं आणि तिसऱ्या दिवशी आडवं होतं. उभं अंडं दिसलं म्हणजे राणी नुकतीच तिथे येऊन गेली. तिला शोधत बसायची गरज नाही. तारीख मुलांना लिहून ठेवायला सांगा. कामकरी माशी अंड्यापासून सुमारे २१ दिवसांनी बाहेर पडते.

दहा-पंधरा मिनिटांत पेटी बंद करा. डंख बसलाच तर काटा नखाने लगेच खरवडून काढा आणि शांतपणे बाजूला व्हा.

दाराशी बसा

पेटी रोज उघडायची नसते, पण दारापाशी रोज बसता येतं. समोर नाही, बाजूला. पायांवर पिवळे, केशरी, राखाडी परागाचे गोळे घेऊन माश्या उतरतात. कुठला रंग कुठल्या फुलाचा, हे शोधण्यात मुलांची संध्याकाळ निघून जाते. पराग जोरात येत असेल तर बहुतेक वेळा आत पिल्लं वाढत असतात. दुपारी कधी माश्यांचा घोळका पेटीकडे तोंड करून घिरट्या घालताना दिसेल. घाबरू नका, तरुण माश्या घराचा पत्ता पाठ करताहेत.

मध

वसाहत भरभक्कम झाली की मेणाने झाकलेल्या घरांतलाच मध काढा. उघड्या घरांतला पातळ असतो आणि आंबतो. माश्यांपुरता मध मागे ठेवा. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.