कुडाच्या जुन्या भिंती नव्याने लिंपण्याआधी करायची तयारी

कोकणात, तसेच पालघर, ठाणे आणि रायगडच्या डोंगरपट्ट्यात अजूनही उभी असलेली कुडाची घरे दुरुस्त करताना बहुतेक जण सगळा विचार नव्या गिलाव्याचाच करतात. प्रत्यक्षात नवा थर टिकणार की एका पावसाळ्यात गळून पडणार, हे त्याआधीच्या चार-सहा दिवसांच्या कामावर ठरते. कुडाची भिंत म्हणजे कारवी या रानझुडपाच्या उभ्या काठ्या, त्यांना आडव्या बांधलेल्या बांबूच्या कामट्या आणि दोन्ही बाजूंनी दाबून बसवलेला शेणमातीचा थर. ही माती काठ्यांना वरवर चिकटलेली नसते. आतल्या आणि बाहेरच्या बाजूने दाबलेली माती काठ्यांमधल्या फटींत एकमेकींना भेटते आणि वाळल्यावर काठ्यांभोवती तिची पकड तयार होते. जुनी भिंत फुगते किंवा पोकळ वाजते तेव्हा बहुधा हीच पकड सुटलेली असते, आणि तयारीचे सगळे काम ती पुन्हा मिळवण्यासाठी असते.

भिंतीला हात लावण्यापूर्वी छप्पर पाहावे. फुटलेल्या कौलातून भिंतीच्या माथ्यावर पाणी येत असेल, किंवा वळचण आखूड असल्यामुळे पागोळ्यांचे पाणी जोत्यावर आपटून भिंतीच्या खालच्या दीड-दोन फुटांवर उडत असेल, तर आधी ते दुरुस्त केल्याशिवाय लिंपण करण्यात काहीही अर्थ नाही. दिवाळीनंतर भिंतीतली पावसाळी ओल सुकली की काम सुरू करावे आणि शक्यतो उन्हाळा कडक होण्यापूर्वी संपवावे, कारण वैशाखातल्या उन्हात वरची साय आधी वाळते, आतला थर ओलाच राहतो आणि भिंतभर भेगा पडतात.

यानंतर भिंत बोटांच्या सांध्यांनी हळू वाजवत वरपासून खालपर्यंत तपासावी. पकड शाबूत असेल तिथे आवाज भरीव येतो. सुटली असेल तिथे तो पोकळ येतो आणि तळव्याने दाबल्यास थर किंचित हलतो. अशा जागांभोवती कोळशाने रेघ ओढून ठेवावी. दोन खांबांमधल्या एका गाळ्यात साधारण एक तृतीयांशाहून अधिक भाग पोकळ निघाला, तर मी तो पूर्ण गाळा मोकळा करतो. ठिगळे लावत बसल्यास प्रत्येक ठिगळाच्या कडेला नवी भेग पडते. मात्र भरीव वाजणारी जुनी माती केवळ जुनी दिसते म्हणून काढू नये. पालघर-डहाणूकडे अशाच भिंतींवर गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाने वारली चित्रे काढलेली असतात. ती काढून टाकावी लागणार असतील, तर आधी त्यांची नीट छायाचित्रे घ्यावीत आणि ज्यांनी ती काढली त्यांना विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

माती काढताना घरातील विजेचा मुख्य स्विच बंद करावा, कारण अनेक घरांत नंतर ओढलेल्या तारा गिलाव्याखाली दडलेल्या असतात. नाकातोंडावर मास्क बांधावा, हातात जाड मोजे घालावेत आणि पोकळीत बोटे घालण्यापूर्वी काठीने चाचपून पाहावे, कारण विंचवांना अशी जागा फार आवडते. हातोडा वापरू नये. एका बाजूने बसलेला घाव काठ्यांतून पलीकडे पोहोचतो आणि दुसऱ्या बाजूची चांगली माती सैल करतो. खुरप्याने किंवा जुन्या थापीने कडेपासून सुरुवात करून वरून खाली थोडी थोडी माती सोडवावी आणि पलीकडच्या बाजूला फळी टेकवून तिला आधार द्यावा. राहणाऱ्या मातीची कड आतल्या बाजूला तिरपी कापली, तर नवा थर तिच्या खाली शिरून अडकतो.

निघालेली माती फेकून देऊ नये. ती फोडून, चाळून आणि भिजवून पुन्हा वापरता येते. तिचा गुण त्या भिंतीने वर्षानुवर्षे तपासलेला असतो. अपवाद दोनच आहेत. भिंतीवर फुटलेला पांढरा खार, ज्याला लोणा म्हणतात, तो लागलेली माती, आणि वाळवीने पोखरलेली माती. या दोन्ही घरापासून दूर टाकाव्यात.

आता उघडा पडलेला सांगाडा हाच या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि त्यासाठी घाई करू नये. प्रत्येक काठीत सुरीचे टोक रोवून पाहावे. लाकूड मऊ लागले किंवा भुसा पडला तर ती काठी बदलावी. जमिनीत गाडलेली टोके सर्वांत आधी कुजतात, म्हणून कुजका भाग कापून काठ्या दगडी जोत्यावर ठेवलेल्या आडव्या लाकडावर टेकवणे अधिक चांगले. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या, तर त्या नुसत्या झाडून न टाकता जमिनीतून कुठून वर येतात ते शोधावे. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरल्यावर मरते, त्यामुळे अशा वाळलेल्या काठ्या गावात साठवलेल्या सापडतात. राखीव जंगलातून त्या तोडून आणू नयेत. नवी काठी बसवताना शेजारच्या काठीपासून बोटभर फट ठेवावी. काठ्या एकमेकींना चिकटल्या, तर माती पलीकडे जात नाही आणि पकड तयारच होत नाही. बांधणीसाठी तारेपेक्षा भिजवलेला काथ्या वापरावा, कारण तार ओलसर मातीत गंजते. शेवटी तळव्याने सांगाडा हलवून पाहावा. तो लवत असेल, तर मातीत कितीही तूस, म्हणजे भाताची टरफले, मिसळले तरी गिलाव्याला भेगा पडणारच.

राहिलेल्या जुन्या पृष्ठभागावरचा ऑइलपेंट आणि चुलीच्या बाजूची तेलकट काजळी पूर्ण खरवडून काढावी व त्यावर आडव्या-तिरप्या खाचा पाडाव्यात. इथे सिमेंटचे ठिगळ लावण्याचा मोह टाळावा, हे मी कळकळीने सांगतो. मी स्वतः एका कोपऱ्यात खालचा भाग सिमेंटने भरला होता. पुढच्या पावसाळ्यानंतर ते ठिगळ अखंड तुकड्याने सुटून आले आणि त्यामागच्या काठ्या काळ्या पडून कुजल्या होत्या. माती ओल शोषते आणि पुन्हा हवेत सोडते, तर सिमेंटचा कडक थर ती आत कोंडून ठेवतो, आणि कोंडलेल्या ओलीत लाकूड टिकत नाही.

नव्या मातीचे प्रमाण गावागणिक बदलते, म्हणून ते चाचणीनेच ठरवावे. मातीस वाळू समान, दुप्पट आणि तिप्पट घेऊन, प्रत्येकात तूस किंवा बारीक कापलेला पेंढा आणि शेण मिसळून, भिंतीच्या एका कोपऱ्यात वीतभर रुंदीचे तीन पट्टे लावावेत. पूर्ण वाळल्यावर ज्याला भेग पडली त्यात चिकणमाती जास्त आहे, ज्याची बोटाने पूड झाली त्यात वाळू जास्त आहे. निवडलेले मिश्रण भिजवून, पायांनी तुडवून, काही दिवस झाकून ठेवावे.

लिंपण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी काठ्यांवर व जुन्या मातीवर पाणी शिंपडावे. भिंत ओलसर हवी, पण तिच्यावरून ओघळ येता कामा नयेत. मग पातळ शेणमातीची रबडी काठ्यांवर आणि कापलेल्या कडांवर हाताने चोळावी आणि ती वाळण्याआधीच मातीचा पहिला गोळा फटींत जोराने दाबावा. पलीकडच्या बाजूला त्या मातीचे टोक बाहेर आलेले दिसले, तर भिंत लिंपायला तयार आहे.