पेनड्राइव्हमधल्या रेकॉर्डिंगचा पसारा आवरत पायथन शिका

आमच्या घरी बेळगावात सेट टॉप बॉक्सला एक पेनड्राइव्ह कायमचा अडकवलेला, त्यात आईच्या मराठी मालिका, शेजारच्या अक्कांच्या कन्नड मालिका, आणि दर पंधरा दिवसांनी तो फुल्ल. हातानं डिलीट करून वैतागलो तेव्हा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला बसलो.

आधी एक करा, थेट पेनड्राइव्हवर प्रयोग नको, पाच-सहा फाइल लॅपटॉपवर वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करून घ्या. विंडोजवर पायथन इन्स्टॉल करताना 'ॲड टू पाथ'ची टिक मारा, नाहीतर कमांड सापडत नाही म्हणत बसतंय.

पहिली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, फक्त बघणारी. पाथलिब (फाइल-फोल्डर हाताळायची पायथनमधलीच सोय) इम्पोर्ट करायचं, त्यातल्या ग्लॉबला (नावावरून फाइल शोधणारा) सांगायचं की शेवटी डॉट टीएस असलेल्या, म्हणजे रेकॉर्डिंगच्या, फाइल दे, आणि फॉर लूपमध्ये, म्हणजे तेच काम प्रत्येक फाइलसाठी परत परत करत, एकेकीचं नाव नि साइज प्रिंट. साइज बाइटमध्ये येते, १०२४ नं तीनदा भागा म्हणजे जीबी. चार ओळींचा मामला आहे पण लूप म्हणजे काय ते इथंच डोक्यात बसतं.

मग इफ, म्हणजे अट. आमच्याकडं करंट गेला की रेकॉर्डिंग तुटतं आणि ३०-४० एमबीचे तुकडे पडून राहतात, म्हणून मी अट घातली, १०० एमबीच्या आतली फाइल उडव. इथंच शेण खाल्लं. पेनड्राइव्ह फॅट३२ (फाइल साठवायची एक जुनी पद्धत) होता, त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढं जात नाही, मग बॉक्स मोठ्या रेकॉर्डिंगचे तुकडे करतो आणि शेवटचा तुकडा लहानच असतो की! नाटकाची शेवटची चार मिनिटं गेली, आणि पायथनचं अनलिंक, म्हणजे मी वापरलेली डिलीटची आज्ञा, फाइल रिसायकल बिनमध्ये टाकत नाही, गेली ती गेलीच. आई दोन दिवस विचारत होती, "शेवटी त्या पोरीचं काय झालं रे?"

तर अनलिंक विसरा. शटिल (फाइल हलवायची-कॉपी करायची पायथनमधलीच सोय) इम्पोर्ट करून त्यातल्या मूव्हनं फाइल 'कचरा' नावाच्या फोल्डरमध्ये ढकला, आणि तेही लगेच नको, दोन-तीन दिवस नुसतं 'ही हलवली असती' असं प्रिंट करून यादी डोळ्याखालून घाला. आमच्या बॉक्सवर तुकड्यांची नावं सारखी, शेवटचा नंबर तेवढा बदलतो, म्हणून अजून एक इफ घातला: त्याच नावाची दुसरी मोठी फाइल शेजारी असेल तर लहानीला हात लावायचा नाही.

यादी टेक्स्ट फाइलमध्ये लिहायची असेल तर फाइल उघडणाऱ्या ओपनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणारी पद्धत) द्या. मी दिलं नव्हतं, अक्कांच्या मालिकेचं कन्नड नाव आलं आणि स्क्रिप्ट तिथंच आडवी झाली. मराठी नावालाही तेच होतं, त्यामुळे भाषेवरून भांडण नको.

सगळं नीट चाललं की विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारा) लावून टाका, फक्त बॉक्स रेकॉर्ड करत असताना पेनड्राइव्ह उपसायचा नाही. आमची स्क्रिप्ट रविवारी दुपारी चालते, तेव्हा आई झोपलेली असते.